बुंध्यातलं पाणी

लग्न होऊन मी धुळ्याहून सावद्याजवळच्या या गावात आले, तेव्हा केळीबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती डझनाने मिळतात. माहेरी जमीन नव्हती. वडील कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडायचे, आणि आमच्या गल्लीत हिरवं म्हणून होतं ते नळाच्या गळतीवर वाढलेलं एक शेवग्याचं झाड. सासरी मागचं दार उघडलं की समोर केळी, थेट नाल्यापर्यंत. भर दुपारी आत शिरलं तरी अंधारून आल्यासारखं व्हायचं. पानांवर पानं घासल्याचा आवाज सतत येत राहायचा, आणि पहिले काही महिने मला वाटायचं की आत कोणीतरी चालतंय.

पहिल्याच भाद्रपदात जाऊबाईंनी मला पंगतीसाठी पानं कापून आणायला पाठवलं. जाऊबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. वयाने बरीच मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे या घरातलं जे काही शिकले ते अक्काकडून आणि सासऱ्यांकडून. उजाडत होतं. पानं घेऊन परत आले तर खांदे, पदर, केस सगळं ओलं.

"फार दव पडलंय," मी म्हणाले.

सासरे ओट्यावर बसले होते. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. ते हसले.

"दव नही ते. केळीनं टाकेल पानी आहे. रातभर पेते, जास्त झालं की पानाच्या कडेनं टाकून देते."

मला ते खरं वाटेना. तेव्हा त्यांनी मला बागेत नेलं. ज्या झाडाचा घड उतरवून झाला होता, त्याचं खोड त्यांनी खालून हातभर ठेवून तोडलं. उरलेल्या बुंध्याच्या मधोमध विळ्याने वाटीएवढा खड्डा कोरला, फडक्याने पुसून कोरडा केला आणि वर पानाचा तुकडा दाबून झाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा उचलला तर खड्डा काठोकाठ भरलेला होता. पाऊस आला नव्हता, आणि वरून थेंब पडायला वर काही उरलंच नव्हतं.

"खालून येते," आबा म्हणाले. "झाड नही, पान नही, तरी मुळ्या आपलं ढकलतातच."

हे पाणी मुतखड्यावर चालतं अशी इकडे समजूत आहे. गावातली माणसं, कधी कोणाचे पाहुणे, आमच्या बागेत वाटी मागायला यायचे. आबांनी कोणाला परत पाठवलं नाही. आदल्या संध्याकाळी ते खड्डे कोरून ठेवायचे, आणि सकाळी पाणी स्टीलच्या पेल्यात काढून द्यायचे.

आबांची आणखी एक सवय होती. रोज उजाडताना ते अनवाणी बागेत फिरायचे. ओल किती आहे ते पायाला आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं. बाग दोघा भावांत वाटली गेली होती आणि मधे बांध पडला होता, पण आबांसाठी तो नव्हताच. आधी आमचा भाग, मग जेठांचा, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचा, मग नाल्याच्या कडेने वळून परत घरी. जेठांना घरात सगळे भाऊ म्हणतात. कमी बोलणारा, हाताला उरक असलेला माणूस. दोन घरांना अंगण एकच होतं, चुली वेगळ्या असल्या तरी भाजीचं वाडगं इकडून तिकडे जायचंच.

ज्या वर्षाचं मी सांगतेय ते काही फार जुनं नाही. त्या वर्षी पाऊस वेळेवर आणि मनासारखा झाला. विहीर वरपर्यंत आली. बाग चांगली निसवली होती, झाडोझाड घड लोंबत होते. गणपतीत मी नेहमीसारखी पानं आणायला गेले, आणि त्या दिवशी मोठी पानं हवी होती म्हणून नाल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. येताना लक्षात आलं की डावा खांदा भिजलाय आणि उजवा कोरडा आहे. थांबून मागे पाहिलं. कोपऱ्यातल्या झाडांच्या पानांना एकही थेंब नव्हता. बाकीची बाग टपटपत होती आणि तेवढा कोपरा गप्प होता. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या झालेल्या, बोटाने हळद ओढावी तशा.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ठिबकची तोंडं बुजली असतील. जाऊन पाहिलं तर सगळी तोंडं व्यवस्थित गळत होती. त्याने हाताने माती उकरली, मूठ दाबली. ढेकूळ बांधलं गेलं.

"ओल तर आहे," तो म्हणाला, आणि तरीही त्या संध्याकाळी त्याने त्या कोपऱ्याला जास्त वेळ पाणी सोडलं. माणसाला चक्कर आली की आपण आधी पाणीच पाजतो. झाड मान टाकतंय म्हटल्यावर त्याला तरी दुसरं काय सुचणार.

पाण्याने उलट झालं. खालची पानं देठाशी मोडून खोडाभोवती लटकायला लागली, वाळत घातलेल्या धोतरांसारखी. घडातल्या केळ्यांनी भरायचं थांबवलं. बुंध्याशी खोड उभं फाटलं. मग शेजारच्या ओळीतली कडा पिवळी झाली, मग तिच्या पुढची. चिखलात उभी असलेली झाडं तहानेने मरत होती, आणि रोज सकाळी मागचं दार उघडताना मी आधी नाल्याकडे पाहायची, आज कुठपर्यंत आलंय म्हणून.

आईचा धुळ्याहून फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं. ती अजून घरात अहिराणीच बोलते.

"पानी शे ना मंग?" तिने विचारलं.

"आहे."

"मंग झाड काबर सुकी ऱ्हायनं?"

झाड का सुकतंय, तेच मी रोज नवऱ्याला विचारत होते.

शेवटी नवऱ्याने एक झाड तोडलं. आबा शेजारी उभे होते. केळीचं खोड आतून पांढरं, पाण्याने भरलेलं, जाळीदार असतं. हे तसं नव्हतं. पांढऱ्यात तांबूस-तपकिरी ठिपके होते, कडेने गोल फिरलेले. त्याने टिकावाने खालचा कंद उपटला आणि मधोमध चिरला. आत सुपारीच्या फोडीत दिसतात तशा तांबड्या शिरा. कुजका वास आला. काही मुळं पांढरी, जाड, धडधाकट होती. काही हातात घेतली की वरची साल म्यानासारखी निघून यायची आणि आत काळा धागा उरायचा. आबांनी बोटाने ती कंदाची फोड चोळून पाहिली, मग बोट धोतराला पुसलं.

"इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "असं मी पाह्यलं नही."

नवऱ्याने फोटो काढून ओळखीतून पुढे पाठवले. पितृपक्षात केळीच्या रोगांचा अभ्यास असलेल्या एक मॅडम आल्या. त्यांची गाडी रस्त्यावरच थांबली. उतरल्यावर त्यांनी आधी बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि घोट्याशी रबर लावलं. आमची माती कोणी अशी, स्पर्श टाळून तुडवलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी झाडं पाहिली, कंदाचे तुकडे पिशवीत बंद केले. बांधापलीकडे भाऊ उभे होते. मॅडमनी त्यांना विचारलं, तुमचीही बाग पाहू का.

"माझ्याकडे सगळं ठीक आहे," भाऊ म्हणाले. "घड उतरायले आलेत. आत कोनी नको."

मॅडमनी आग्रह केला नाही. परत येऊन त्या पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसल्या, आणि आबांनी त्यांना तेच विचारलं जे आईने मला विचारलं होतं. पाणी आहे, मुळं आहेत, मग पीत का नाही.

"मुळाच्या टोकाशी केसांसारखे बारीक तंतू असतात," त्या म्हणाल्या. "मातीतलं पाणी ते आत घेतात. मुळाच्या गाभ्यात नळ्या असतात, तिथून पाणी खोडात आणि खोडातून पानात जातं. दिवसा उन्हाने पानातलं पाणी उडतं, आणि ते जसं उडतं तसं खालचं वर ओढलं जातं. मधे तुटत नाही, दोरीसारखं सलग येतं. रात्री पान ओढत नाही, तेव्हा मुळं खालून ढकलतात."

आबांनी मान हलवली. एवढं त्यांना ठाऊक होतं.

"ही बुरशी मुळातून शिरते आणि त्याच नळ्यांत राहते. पाण्याबरोबर वर चढते."

"म्हणजे ती नळ्या बुजवते," माझा नवरा म्हणाला.

"काही ती बुजवते. काही झाड स्वतःच बंद करतं."

"झाड?" आबांनी विचारलं.

"हो. ती पुढे सरकू नये म्हणून झाड आपल्याच नळ्यांना डिंकासारखं बूच मारतं. एक नळी बंद करतं, मग दुसरी. शेवटी पाण्याला वाटच उरत नाही."

आबांनी तोडलेल्या खोडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपला गळा आपनच आवळते म्हणा ना."

नवऱ्याने औषधाचं विचारलं. नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. मातीत किती काळ राहते, असं विचारलं. तुमची नातवंडं या जमिनीत केळी लावू शकतील असं मी सांगू शकत नाही, असं उत्तर आलं.

"आणि पसरते कशी?"

"मातीतून. वाहत्या पाण्यातून. इथून नेलेल्या कंदातून. कोयत्याला, ट्रॅक्टरच्या चाकाला, पायाला जी माती लागते तिच्यातून."

कोणी मुद्दाम पाहिलं असं नाही, पण सगळ्यांचे डोळे खाली गेले. आबांच्या पायांवर घोट्यापर्यंत काळी माती वाळलेली होती. त्यांनी स्वतःही खाली पाहिलं. मग हळूच पाय धोतरात ओढून घेतले.

तपासणीत तेच निघालं. मर रोग. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, तरी नवरात्र बसेपर्यंत गावभर झालं. घड उतरवणारी टोळी आमच्याकडे यायला तयार होईना. त्यांना पुढे दुसऱ्यांच्या बागांत जायचं होतं, आणि आमच्याकडून गेलेल्यांना तिथे कोणी शिरू दिलं नसतं. शेजारच्या शेतकऱ्याने आमच्या पायवाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. तो माझ्या नवऱ्याबरोबर शाळेत होता. हळदीकुंकवाला बायका आल्या त्या अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि जाताना एकीने रस्त्यावर वाकून चपला झटकल्या. मी ते खिडकीतून पाहिलं. मला राग आला नाही. तिच्याही घरी केळीच होती. पेला घेऊन पाणी मागायला येणारे तर कधीच बंद झाले.

भाऊंच्या बागेत मात्र काम चालू होतं. ते हल्ली उजाडायच्या आत जायचे. त्यांनी बांधावर हिरवं जाळीचं कापड बांधून घेतलं, वाऱ्यापासून घडांना जपायला म्हणून. भाजीचं वाडगं यायचं थांबलं. अक्का समोर आली की बोलायची, पण नजर दुसरीकडे ठेवून.

कोजागिरीच्या आसपास एका सकाळी मी हौदावर भांडी घासत होते. अक्का येऊन शेजारी बसली. तिचा माहेरचा भाऊ मुक्ताईनगरकडून आला होता, मुतखड्याने हैराण होऊन. आदल्या संध्याकाळी तिने त्याच्यासाठी त्यांच्या बागेत बुंधा कोरला होता, आबांनी शिकवला तसाच, पुसून, पान झाकून.

"सकाळी पाह्यलं तर कोरडा," ती म्हणाली.

मी हातातली राख तशीच धरून बसले.

"मले वाटलं ते झाडच तसं असेल. शेजारच्याचं झाकण काढलं. तेबी कोरडं. आत तांबडे ठिपके." तिने पदराने तोंड पुसलं. "आमच्या ह्यायले माहीत आहे गं. कधीचं माहीत आहे. सकाळी लवकर जातात, खराब झालेली झाडं तोडतात आन नाल्यात लोटून देतात. मले म्हणतात, बोलशील तर याद राख."

नाला आमच्या बागेला वळसा घालून खाली जातो. खाली दुसऱ्यांच्या बागा आहेत, आणि त्यांच्या खाली आणखी. त्या वर्षी नाला कोजागिरीपर्यंत वाहत होता.

मी नवऱ्याला सांगितलं. दुपारी भाऊ जेवायला आले तेव्हा तो अंगणातच त्यांच्यासमोर उभा राहिला. आबा ओट्यावर होते.

"भाऊ, नाल्यात काय टाकलं?"

भाऊंनी हातपाय धुतले, टॉवेलने पुसले. मग म्हणाले, "माझी झाडं."

"खाली लोकांच्या बागा आहेत."

"माहीत आहे मले."

"मग?"

"मग काय? तू मॅडमले बोलावलं, तुझं काय झालं ते पाह्यलं ना मी. तुझ्या दारात कोनी उभं राहत नही. माझ्या पोरीचं जमवायचं आहे औंदा. पाव्हण्यांना काय सांगू, आमच्या मातीतून चालू नका म्हणून?" त्यांचा आवाज चढला नव्हता, ते खाली बघूनच बोलत होते. "आन माझ्याकडे आलं कुठून? माझी बाग चांगली व्हती. रोज सकाळी तुझ्याकडची माती माझ्याकडे कोन आणत व्हतं, ते विचार."

आबांचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझा नवरा पुढे काही बोलणार होता, पण आबा उठले आणि भिंतीला हात लावत आत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा आबा बागेत गेले नाहीत. त्यांनी मला बादली मागितली. मॅडमनी सांगून ठेवल्याप्रमाणे आम्ही दारात ब्लीचिंग पावडरचं पाणी ठेवत होतो, ते त्यांनी बादलीत ओतून घेतलं आणि पाय बुडवून बसले. थोड्या वेळाने काढले, घासले, पुन्हा बुडवले. रोजच असं सुरू झालं. टाचांच्या भेगा उघड्या पडून रक्त यायला लागलं. मी खोबरेल तेल घेऊन त्यांच्यासमोर बसायची.

"आबा, पुरे आता. काही राहिलं नाही."

"नखात पाह्य बरं."

मी बघायची. नखं पांढरी पडली होती.

"काही नाही आबा."

"नीट पाह्य, पोरी."

रोग नेमका कुठून आला ते आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही. भाऊंनी आदल्या वर्षी बाहेरून काही कंद आणले होते. आमच्याकडे टोळ्या येत, क्रेट येत, ट्रॅक्टर येत. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या की आता मागे जाऊन शोधता येणार नाही. नवऱ्याने हे सगळं आबांना पुन्हा पुन्हा सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि बादली पुढे ओढायचे.

दिवाळीला मी धुळ्याला गेले. दरवर्षी मी बागेतले दोन छोटे केळीचे खांब पोत्यात गुंडाळून बसने न्यायची, आईच्या दाराला लक्ष्मीपूजनासाठी. त्या वर्षी रिकाम्या हाताने गेले. निघताना चपला दोनदा धुतल्या, तरी जळगावच्या स्टँडवर गाडी बदलताना मला सारखं वाटत होतं की मी जाईन तिथे काहीतरी सांडत चाललेय. आईने बाजारातून खांब आणून ठेवले होते. हिरवेगार, ताजे. मी दारात वाकून त्यांची कापलेली खालची बाजू पाहिली. पांढरी होती. आईने मला तसं बघताना पाहिलं.

परत आल्यावर आम्ही आमच्या भागातली सगळी झाडं मारली. तोडायची नाहीत, उपटायची नाहीत, तशाने माती आणखी पसरते, असं मॅडमचं सांगणं होतं. नवऱ्याने सळईने एकेका खोडात तिरपं भोक पाडायचं आणि मी त्यात तणनाशक सोडायचं. ज्यांच्यावर अजून काही दिसत नव्हतं, ज्यांचे घड भरत आले होते, त्यांनाही. औषध झाडाच्या त्याच नळ्यांतून फिरतं. तेव्हा कळलं की निरोगी झाड लवकर मरतं आणि रोगट झाड रेंगाळतं, कारण निरोगी झाडात सगळं भराभर पोचतं. बाग उभ्या उभ्या तपकिरी झाली. वारा आला की पानांचा आवाज व्हायचा, तो वाळलेल्या कागदांचा. गुरांना टाकायला म्हणून त्यातलं एक पान बाहेर नेलं नाही.

भाऊंची बाग पौषापर्यंत टिकली. थोडे घड त्यांनी उतरवले, विकलेही. मग थंडी सरताना ऊन तापायला लागलं आणि आठवडाभरात सगळ्या बागेने मान टाकली. हिरव्या कापडाच्या वरूनही दिसत होतं. एका सकाळी ते आमच्या दारात आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ते औषध कुठी भेटते?" तो आत गेला, सळई आणि उरलेला डबा घेऊन आला, आणि दोघं बांध ओलांडून गेले. काय बोलले असतील ते माहीत नाही. दुपारी जेवायला आले तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत चिकाने काळे पडले होते. संध्याकाळी अक्काने भरीत पाठवलं.

पुढच्या पावसाळ्यात दोन्ही शेतांत मका लावला. चांगला आला, पुरुषभर उंच. मक्याला ही बुरशी काही करत नाही, तो त्याच मातीतून पाणी पितो. भाऊंच्या मुलीचं लग्न अजून ठरायचं होतं. आबा ओट्यावर खाटेवर बसून असत, पाय वर घेऊन. जमिनीवर पाय ठेवायचा तर आधी कोणाला तरी चपला आणून द्यायला लागायच्या.

श्रावणात एक दिवस एक शेतकरी मोटारसायकलवर आला. नाल्याच्या खालच्या अंगाला त्याची बाग. वयाने माझ्या नवऱ्याहून लहान, तोंडओळखीचा. मागे त्याने एक पोतं बांधलं होतं. ते सोडून त्याने अंगणात ठेवलं.

"तुम्ही पाहिलेलं आहे म्हणून आलो," तो नवऱ्याला म्हणाला. "हे तेच आहे का, एवढं सांगा."

त्याने पोत्याचं तोंड उघडलं. आत अर्धा चिरलेला कंद होता, मुळांना ओली माती लागलेली. माती फरशीवर सांडली. माझ्या नवऱ्याने वाकून पाहिलं आणि पोत्याचं तोंड मिटलं. त्या माणसाला तेवढ्यावरून समजलं. तो तसाच उकिडवा बसून राहिला.

भाऊ त्यांच्या दारात उभे होते. ते कधी बाहेर आले मला कळलं नाही. ते पायऱ्या उतरून आले आणि त्याच्यासमोर बसले.

"नाल्यात मी टाकली व्हती झाडं," ते म्हणाले. "मागच्या साली."

तो माणूस त्यांच्याकडे पाहत राहिला. मला वाटलं आता तो हात उचलेल. नवराही पुढे सरकला. पण तो माणूस फक्त पोत्याची सुतळी आवळत राहिला, आवळून झाली तरी आवळत राहिला.

"माझ्या खाली अजून चार जणांच्या बागा आहेत," शेवटी तो म्हणाला. "त्यांना सांगितलं का?"

"नही."

"मग चला आता. माझ्यासमोर सांगा."

भाऊ उठले. दोघांनी दारातल्या ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवले, आधी त्या माणसाने, मग भाऊंनी, आणि ते नाल्याच्या बाजूने न जाता रस्त्याने निघाले. माझा नवरा त्यांच्यामागून गेला. पोतं आमच्याच अंगणात राहिलं.

आबांनी खाटेवरून सगळं पाहिलं होतं. "पोरी, ती माती," ते म्हणाले.

मी पावडर कालवून आणली. अक्का खराटा घेऊन आली. आम्ही दोघींनी फरशी धुतली, जिथे माती सांडली होती तिथे, आणि मोटारसायकलचं चाक जिथे टेकलं होतं तिथेही. धुतलेलं पाणी गढूळ होऊन फरशीच्या उताराने निघालं. आमच्या अंगणाचा उतार पहिल्यापासून नाल्याकडेच आहे. अक्काने खराटा टाकला, दोन्ही हातांनी कडेची माती ओढली आणि त्या पाण्यासमोर आडवी लावून धरली.